पाळण्याची फाईल

बारशाच्या सकाळी आमच्या टीव्हीनं आईला ओळखायला साफ नकार दिला. पडद्यावर एक करडी चौकट आली आणि तिच्यात इंग्रजीत एक ओळ, की ही फाईल ज्या प्रकारची आहे तो प्रकार इथे चालत नाही. मी पेनड्राईव्ह काढला, त्याला फुंकर मारली, परत खोचला. चौकट परत आली.

आत न्हाणीघरात आई माझ्या लेकीला न्हाऊ घालत होती. पाण्याचा आवाज चालू होता तोवर मला वेळ होता. पाहुणे बाराला यायचे होते. विद्यानगरातल्या आईबाबांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भाड्यानं आणलेला लाकडी पाळणा उभा होता, बाबा स्टुलावर चढून त्याला झेंडूच्या माळा बांधत होते, आणि मी टीव्हीसमोर चोरासारखी उकिडवी बसले होते. चोरासारखी, कारण बाळ पाळण्यात पडेपर्यंत ती फाईल कोणी ऐकायची नाही, असा आईचा हुकूम होता.

पण मी तरी काय करणार? दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर तपासून त्यातली खोट काढणं हा माझा धंदा. न तपासलेली गोष्ट घरभर पाहुण्यांसमोर लावायची, या विचारानंच मला आठवडाभर धड जेवण जात नव्हतं. मी ऐकणार नव्हतेच. नुसती उघडते का एवढं बघून बंद करणार होते. आणि ती उघडेना.

त्या फाईलीत आईचं गाणं होतं. तशी आई घरातल्या कुठल्या कुठल्या व्हिडिओत बोललेली आहे, वाढदिवसाच्या गोंधळात मागून ‘पुरे आता, केक कापा’ वगैरे. पण गाताना तिनं जन्मात कोणाला रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. एकदाच दिलं, ते माझ्या बाळासाठी, आणि आता तिच्या गळ्यात ते परत करायला काही शिल्लक नव्हतं.

हैदराबादेतल्या मराठी घरांत आईचे पाळणे प्रसिद्ध होते. विद्यानगर असो की हिमायतनगर, बारसं ठरलं की हॉलच्या आधी आईला बोलावणं जायचं. प्रत्येक बाळासाठी ती नवा पाळणा रचायची. त्यात त्या घरातली माणसं यायची, त्यांची जुनी स्कूटर यायची, शेजाऱ्यांचा भुंकणारा कुत्राही यायचा. एका घरी म्हटलेला पाळणा दुसऱ्या घरी नाही, आणि कोणी मोबाईल समोर धरला की बाई गप्प. ‘ज्याचा पाळणा त्यालाच,’ म्हणायची.

मला सहावा महिना चालू असताना तिच्या घशातलं दुखणं कॅन्सर निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनं त्यांना काहीच विचारलं नाही. मला विचारलं, ‘बारसं कधी येईल गं तुझ्याकडचं?’ मी बोटांवर महिने मोजायला गेले आणि मध्येच रडायला लागले.

मग तिनंच तोड काढली. ऑपरेशनच्या आधी पाळणा म्हणून ठेवायचा. आता, रिकामा पाळणा हलवू नये हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. बाळ यायच्या आधी त्याला झबलंसुद्धा शिवत नाहीत. न आलेल्या बाळाचा पाळणा घरात वाजवणं म्हणजे तर नसतं संकट बोलावणं. ‘मी म्हणून ठेवते,’ आई म्हणाली, ‘पण लेकरू पाळण्यात पडल्याशिवाय कोणी ऐकायचं नाही. ऐकलात तर माझ्याशी गाठ आहे.’

मला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या फ्लॅटवर. त्यामुळे रेकॉर्डिंग बाबांनी केलं, त्यांच्या जुन्या मोबाईलवर, पंखा बंद करून, खोलीचं दार लावून. नंतर मला फोन आला, ‘झालं बघ माय काम. लई मस्त म्हणली.’ त्या दोघांशिवाय तो पाळणा कोणी ऐकलेला नव्हता.

ऑपरेशन झालं. गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर पांढरं मऊ फडकं आलं. आई बोलायची ती लहान मुलांच्या पुसायच्या पाटीवर लिहून, आणि हाक मारायची ती हातातल्या पाटलीनं. ओट्यावर, दारावर, भांड्यावर, हाताशी येईल त्यावर. एक ठोका म्हणजे बाबा, दोन ठोके म्हणजे मी. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी खिळा ठोकायला लागला तरी बाबा उठून उभे राहायचे.

बाळाचं नाव आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं, लहानसं, नव्या धाटणीचं. ते आईला सांगितलं तेव्हा तिनं पाटीवर लिहिलं, ‘हे खोकल्याच्या औषधाचं नाव आहे का?’ मी पाटी हिसकावून घेतली आणि पुसून टाकली. तेव्हापासून आमचं दोघींचं जरा बिनसलेलंच होतं. अबोला धरला होता असं म्हणायची मात्र सोय राहिली नव्हती.

तर त्या सकाळी मी टीव्हीसमोर बसले होते आणि पडद्यावरची चौकट हलत नव्हती.

माझा नवरा खालून केळीची पानं घेऊन आला. त्याला मी डोळ्यांनीच बोलावलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि पहिलं काय, तर फाईलीचं नाव वाचलं. बाबांनी ते सुवाच्य मराठीत घातलं होतं : ‘चि. बाळाचा पाळणा, सौ. आजीच्या आवाजात’.

‘हिला शेपूटच नाहीये,’ तो हळूच म्हणाला.

शेपूट म्हणजे फाईलीच्या नावामागे टिंब देऊन येणारी ती तीन-चार इंग्रजी अक्षरं. एमपीथ्री, वेव्ह, एमपीफोर अशी. स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिठ्ठी लावतात तसला प्रकार. प्लेअर ती चिठ्ठी वाचतो, आत काय असणार ते ठरवतो आणि त्या पद्धतीनं उघडायला बघतो. आमच्या डब्यावर चिठ्ठी होती, पण ती माणसांनी वाचायची होती. यंत्राला तिच्यातलं काही कळत नव्हतं.

‘मग लाव ना शेपूट,’ मी म्हणाले. ‘कुठलं?’ त्यानं विचारलं. ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आमचे दोघांचे लॅपटॉप कंपनीचे. त्यांत पेनड्राईव्ह घातला की ते दार आपटून बंद करतात, आणि नवीन प्लेअर टाकायचा म्हटलं तर कंपनीची परवानगी लागते. राहिला बाबांचा जुना कॉम्प्युटर. तो सुरू व्हायलाच इतका वेळ लावतो की बाबा तो चालू करून आंघोळीला जातात. आम्ही त्याच्यासमोर उभे राहिलो. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला आणि आईच्या पाटलीचे दोन ठोके आले. टॉवेल हवा होता. मी धावत जाऊन दिला. तिनं माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी हसले. माझं हसू कसं दिसलं असेल ते मला ठाऊक आहे.

परत आले तर नवऱ्यानं फाईलीला एमपीथ्रीचं शेपूट लावलं होतं. गाणी बहुतेक तीच असतात, असा त्याचा हिशेब. प्लेअर उघडला. खाली वेळ दाखवणारी पट्टी आली. माझा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग पट्टी गेली आणि चौकट आली : फाईल खराब झालेली असावी.

आधी ‘ओळखत नाही’ होतं. आता ‘खराब’ झालं. त्यानं वेव्ह लावून पाहिलं, एमपीफोर लावून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच, खराब, खराब. मी त्याचा हात माऊसवरून बाजूला केला. म्हटलं, ‘थांब. तू असाच बदलत राहिलास तर आहे तेही जाईल.’ नाव बदलल्यानं आतलं काही बदलत नाही हे मला नोकरीत शंभरदा सांगावं लागतं. त्या वेळी माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

दारावर बेल वाजली. समोरच्या आंटी मोगऱ्याचे गजरे घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे बघताच त्यांनी हनुवटीला हात लावून विचारलं, ‘एमैंदम्मा?’ काय झालं म्हणून. मी म्हटलं, ‘काही नाही आंटी, झोप नाही झाली.’ तान्ह्या बाळाच्या आईला ही एक सबब कायम हाताशी असते.

गजरे घ्यायला नणंद पुढे आली. सासूबाईंच्या गुडघ्यांना प्रवास झेपला नसता, म्हणून पुण्याहून ती एकटीच आली होती. नाव ठेवायचा मान आत्याचा, तिच्याशिवाय बारसं कसं होणार? तिनं आमची कुजबूज ऐकली असावी. ती अगदी प्रेमानं म्हणाली, ‘वहिनी, नाहीच लागलं तर मी म्हणेन की एखादा पाळणा. येतात मला दोन-तीन.’

‘नकोय मला एखादा पाळणा,’ मी म्हणाले. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण ते नीट वाटून घ्यायलाही सवड नव्हती.

शेवटी बाबांना विचारावंच लागलं. ते स्टुलावरून उतरले. खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. मी विचारलं, ‘बाबा, या फाईलीचं आधी काय नाव होतं?’

‘आधीचं? काही नव्हतं गं. नुसते आकडे होते, अन् शेवटी काहीतरी इंग्रजी. ते सगळं काढलो अन् नीट नाव घातलो.’

‘शेवटी काय इंग्रजी?’

‘आता कसं सांगू? मोबाईल काहीतरी विचारत होता इंग्रजीत. ओके दाबलो.’

मोबाईलनं काय विचारलं असेल ते मला तोंडपाठ आहे. नाव असं बदललंत तर फाईल कदाचित चालणार नाही, तरी बदलू का? आणि बाबांनी ओके दाबलं होतं.

यात त्यांच्या स्वभावाचाही दोष होता. त्यांचं सगळं आयुष्य एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलं. तिथं फाईल म्हणजे पुठ्ठ्याची, दोरीनं बांधलेली. आणि पुठ्ठ्यावर पूर्ण विषय लिहिल्याशिवाय ती कपाटात ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. घरातही डाळीच्या डब्यावर ‘तूर डाळ, न भाजलेली’ असं लिहिणारा माणूस. नुसत्या आकड्यांची फाईल त्यांच्या हातून तशीच ठेवली जाणं शक्यच नव्हतं.

‘मग तो मोबाईल?’ नवऱ्यानं विचारलं. मोबाईल बाबांनी कोठी बाजारातल्या एका दुकानात देऊन नवा घेतला होता. फाईल पेनड्राईव्हमध्ये घालून घेतली तीही तिथेच. हैदराबादेत दुकानं अकराच्या आत डोळे उघडत नाहीत, पण दुकानदाराचा नंबर बाबांकडे होता. त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

‘भाई, वो मेरा पुराना फोन है क्या तुम्हारे पास?’

‘कौनसा अंकल? वो? वो तो कब का निकल गया. सब साफ करको दे दिये.’

बाबांनी ‘अच्छा’ म्हणून फोन ठेवला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं.

‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?’ मी ओरडले. ‘होती तशी राहू द्यायची ना! जन्मभर फाईली सांभाळल्यात, आणि ही एक सांभाळता आली नाही? एक फाईल, बाबा!’

नवरा ‘अगं, हळू’ म्हणाला. मी हळू झाले नाही.

बाबा खाली बघत म्हणाले, ‘दवाखान्यात नुसतं पेशंट पेशंट म्हणायले होते तिला. कागदावर नाव अन् वय, बस. मला बरं वाटंना. म्हटलं, आपल्या घरच्या फाईलीवर तरी सौ. लिहावं. तेवढंच.’

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. आणि तेवढ्यात दाराच्या चौकटीवर दोन ठोके पडले.

आई दारात उभी होती. हातात दुपट्यात गुंडाळलेली, न्हाऊनमाखून लालबुंद झालेली माझी लेक. आई किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, पेनड्राईव्हकडे पाहिलं, मग आमच्या तिघांच्या तोंडांकडे. तिला सांगावं लागलं नाही. तरी बाबांनी सांगितलं. ‘माझ्या हातानं गेला गं तुझा पाळणा,’ म्हणाले.

आईनं बाळ नणंदेच्या हातात दिलं. कमरेला खोचलेली पाटी काढली आणि लिहिलं, ‘राहू दे. आत्या म्हणेल.’ मग बाबांच्या जवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावरच्या झेंडूच्या पाकळ्या एकेक करून झाडल्या. जणू पाहुणे येण्याआधी तेवढंच काम उरलं होतं.

त्या ‘राहू दे’नं मला तिडीक आली. घसा कापून दिला तेव्हा बाई ‘राहू दे’ म्हणाली होती. माझं बाळंतपण आपल्याला बोलून करता येणार नाही हे कळलं, तेव्हाही ‘राहू दे’. मी दातओठ खात खुर्चीवर बसले. म्हटलं, रागच करायचा तर त्याचा काही उपयोग तरी करावा.

ऑफिसात कोणी सांगितलं की माहिती खराब झाली, तर मी त्याचं ऐकत नाही. फाईल उघडून कच्ची बघते. साध्या मजकुराच्या, लिहायच्या प्रोग्राममध्ये कुठलीही फाईल उघडता येते, गाण्याचीसुद्धा. गाणं ऐकू येत नाही, नुसता कचरा दिसतो. पण पुष्कळ फाईलींच्या अगदी तोंडाशी त्या कोण आहेत ते लिहिलेलं असतं, आणि बाहेरचं नाव कितीही बदललं तरी ते आतलं लिहिणं जागच्या जागी राहतं. हे मला माहीत होतं. इतका वेळ सुचलं नव्हतं, कारण इतका वेळ मी टेस्टर नव्हते, मुलगी होते.

मी बाबांनी दिलेलं नाव परत लावलं आणि फाईल तशी उघडली. पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं, भलतीसलती अक्षरं. आई माझ्या खुर्चीमागे आली होती. तिच्या गळ्याशी श्वासाची घरघर ऐकू येत होती. मी पार वर गेले. पहिल्या ओळीत आधी दोन चिन्हं होती, आणि त्यांच्यापुढे स्वच्छ, सरळ तीन अक्षरं : ए, एम, आर.

‘एएमआर!’ नवरा मागून म्हणाला. ‘जुन्या मोबाईलचे रेकॉर्डर याच्यात साठवायचे. फोनवरच्या बोलण्यासाठी काढलेलं फॉरमॅट आहे.’

‘म्हणजे गेलं नाही?’ बाबांनी विचारलं.

‘ते माहीत नाही,’ मी म्हणाले. खोटं बोलवेना. ‘सुरुवात तरी शाबूत आहे.’

मी बाबांच्या नावाला धक्का न लावता मागे टिंब दिलं आणि ती तीन अक्षरं जोडली. कॉम्प्युटरवरच्या प्लेअरनं चौकट दाखवली : हा प्रकार चालत नाही. पण आता तो ‘खराब’ म्हणत नव्हता. ‘मला हे येत नाही’ म्हणत होता. या निरोपाचा आनंद झालेली मी पहिलीच असेन. टीव्हीलाही ते येणार नव्हतंच. मी माझ्या मोबाईलचं इंटरनेट त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला जोडलं आणि फाईल माझ्याच फोनवर पाठवली. मघाशी हीच फाईल फोनवर नुसता पांढरा कागद दिसली असती. आता नावाशेजारी सुराचं छोटं चिन्ह आलं.

मी चिन्हावर बोट ठेवणार, तेवढ्यात आईचा हात माझ्या हातावर आला. तिनं मानेनं नाही म्हटलं. पाटी घेऊन लिहिलं, ‘बाळ पाळण्यात पडू दे.’

‘अगं, पण वाजतंय का ते तरी बघू दे! सगळ्यांसमोर बंद पडलं तर?’

तिनं खालच्या शब्दावर बोट ठेवलं. पडू दे. वाद घालून उपयोग नव्हता. बोलती होती तेव्हाही नव्हता.

पाहुणे आले. हळदीकुंकू, अत्तर, बायकांची गर्दी, ‘नाव काय ठेवायलात’ची चौकशी. मी ठेवणीतली साडी नेसून हसत होते आणि पदराखाली फोन घट्ट धरून होते, इतका की तो गरम झाला होता. तोंडाशी तीन अक्षरं शाबूत असली म्हणून पुढचं सगळं शाबूत असतं असं नाही. मी अशा फाईली पाहिल्या आहेत, ज्यांची सुरुवात ठणठणीत असते आणि मध्ये नुसता खरखराट. तसलं काही या घरभर माणसांसमोर वाजलं असतं तर आईनं ते कसं ऐकलं असतं? आईला पाळण्याच्या उशाशी खुर्ची दिली होती. बाबा तिच्यामागे उभे होते. मी ओरडले तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

लेकीला पाळण्यात घातलं. नणंद वाकून तयार राहिली. मी फोन स्पीकरला जोडला आणि चिन्हावर बोट ठेवलं.

काहीच आलं नाही. मग खरखर आली. मी डोळे मिटून घेतले.

‘अहो, चालू झालं का? लाल दिवा लागला का?’

आईचा आवाज. बारीक, लांबून फोन केल्यासारखा, वरचे-खालचे सूर कापलेले, पण तिचाच. आणि माझ्यासमोर, खुर्चीमागे उभे असलेले बाबा घाईघाईनं म्हणाले, ‘लागला, लागला. म्हण तू.’ मग स्पीकरमधूनही त्यांचाच आवाज आला, ‘लागला, लागला. म्हण तू.’ कोणी हसलं नाही. बाबांच्या ध्यानातही आलं नाही की ते बोलले.

आई गायला लागली.

‘दाराला तोरण, दोरीला गाठ,
आजोबा उभे, हातात ताट,
आजीनं पाहिली केवढी वाट,
कोण गं आलं, कोण गं आलं...’

आणि ती थांबली. स्पीकर गप्प झाला. मला वाटलं, फाईल इथेच संपली, इथूनच पुढे खराब आहे. मग आईनं खुर्चीतून नणंदेला हातानं खुणावलं, म्हण, म्हण. तेव्हा समजलं. पाळणा म्हटला तेव्हा मुलगा की मुलगी हे माहीत नव्हतं, नाव माहीत नव्हतं. तिनं नावाची जागा मोकळी ठेवली होती.

नणंदेनं बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि नाव मोठ्यानं म्हटलं. बायकांनी तिच्या पाठीवर धपाधप थोपटलं.

‘वा! छान ठेवलंत हो नाव,’ स्पीकरमधून आईचा आवाज म्हणाला. ‘मला लई आवडलं.’

मी आईकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं, नवऱ्यानं पाहिलं. खोकल्याचं औषध म्हणणारी बाई खुर्चीत पकडली गेली होती. तिचे खांदे हलायला लागले. बिनआवाजाचं हसू होतं ते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसायला लागले, सकाळपासूनचं सगळं त्यात बाहेर पडलं.

‘मला काही आता हाक मारता यायची नाही तिला, की त्याला,’ तो बारीक आवाज पुढे म्हणाला. ‘तुम्ही मारत जा. भरपूर मारा.’ मग खुडबुड, बाबांचं ‘बंद करू का?’, आणि संपलं.

माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

आई उठली. पदरानं डोळे पुसले. पाळण्याजवळ जाऊन तिनं झेंडूची माळ जरा बाजूला सारली आणि हातातली पाटली लाकडी कठड्यावर वाजवली. एक ठोका ऐकून बाबा वळले. दुसरा ऐकून मी पुढे झाले. पण ती आमच्याकडे बघतच नव्हती. तिनं तिसरा ठोका दिला. आमच्या घरात तीन ठोके तोवर कोणाचेच नव्हते.

लेकीनं आवाजाच्या दिशेला मान वळवली.